हंडा, माठ की शुद्धीकरण यंत्र? आधी पाण्याचा अहवाल पाहू या

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा :

"आमच्या घरात सासूबाई, आम्ही दोघे, मुलगा, सून आणि पाच महिन्यांचा नातू अशी सहा माणसे आहोत. ग्रामपंचायतीचे नळाचे पाणी एक दिवसाआड येते आणि त्याला औषधाचा वास येतो, म्हणून पिण्यासाठी आम्ही परड्यातील बोअरचे पाणी उकळून घेतो. कंटाळा आला की जार मागवतो. मागच्या आठवड्यात शुद्धीकरण यंत्र विकणारा मुलगा घरी आला होता. त्याने आमच्या पाण्यात दोन कांड्या घालून वीज सोडली, तर पाणी बघता बघता तांबडे-काळे झाले. त्याने आणलेले पाणी मात्र स्वच्छच राहिले. त्या दिवसापासून यजमानांनी यंत्र घ्यायचे मनावर घेतले आहे. सासूबाई म्हणतात, तांब्याच्या हंड्यातले पाणी प्या, दुसरे काही लागत नाही. जाऊबाईंचा भर माठावर आहे. नातवाला वरचे पावडरीचे दूध आहे, त्यामुळे काळजी जास्त वाटते. कोणते पाणी प्यावे आणि ते कशात भरून ठेवावे? जुना हंडा मोडीत घालावा का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची बाब यंत्राची किंवा हंड्याची नसून नातवाच्या दुधाची आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. बाळाचे पावडरीचे दूध बोअरच्या पाण्यात कालवत असाल तर ते आजपासून थांबवा. त्यासाठी ग्रामपंचायतीचे नळाचे पाणीच उकळून वापरा आणि बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल हातात येईपर्यंत त्यात बदल करू नका.

हे एवढ्या ठामपणे सांगण्याचे कारण नायट्रेट हे आहे. कृष्णाकाठच्या आपल्या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षे युरिया आणि पाणी दोन्ही भरपूर दिले जाते. पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरते. परड्यात गोठा, उकिरडा किंवा शौचालयाचा शोषखड्डा असेल तर त्यात आणखी भर पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम इतकी ठरवली आहे. इतर काही घटकांच्या बाबतीत, दुसरा स्रोत नसेल तर मर्यादा सैल करण्याची मुभा मानकात आहे, पण नायट्रेटच्या बाबतीत ती नाही. सहा महिन्यांखालील बाळाच्या शरीरात या नायट्रेटपासून तयार होणारे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करते, त्यामुळे बाळाचे ओठ आणि नखे निळसर पडतात आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जिवावर बेतू शकते. नायट्रेटला रंग, वास किंवा जाणवण्याजोगी चव नसते. ते उकळल्याने जात नाही, उलट पाण्याची वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. म्हणजे तुम्ही काळजीने बोअरचे पाणी उकळत होता, परंतु जंतूंसाठी योग्य असलेला हा उपाय नायट्रेटवर चालत नाही. तुमच्या बोअरमध्ये नायट्रेट जास्त आहेच असे मी येथून म्हणू शकत नाही, पण बाळाच्या बाबतीत अहवाल येईपर्यंत वाट पाहण्याची जोखीम घेऊ नये.

दूध तयार करताना पाणी खदखदा उकळावे, झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते चांगले गरम असतानाच पावडर त्यात घालावी. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी पाण्याचे तापमान किमान ७० अंश सेल्सिअस असावे असे सांगितले आहे, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि तिच्यातील जंतू मारण्यासाठीही ही उष्णता लागते. त्यानंतर दूध बाळाला सोसेल इतके निववून पाजावे आणि उरलेले ओतून टाकावे. बाळाला अजून सहा महिने पूर्ण झालेले नाहीत, म्हणून दुधाखेरीज वरचे पाणी चमच्यानेसुद्धा देऊ नये, उन्हाळा असला तरी नाही. सुनेला अंगावरचे दूध थोडे जरी येत असेल तरी ते बंद पडू देऊ नका, आणि ते वाढवण्याबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी जरूर बोला.

आता त्या विक्रेत्याच्या प्रयोगाविषयी सांगतो. हा प्रयोग गावोगावी दाखवला जातो आणि भली शिकलेली माणसेही तो पाहून हबकतात. त्या उपकरणात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात. पाण्यात विरघळलेले क्षार असले की पाण्यातून वीज वाहते. वीज वाहू लागली की लोखंडाची कांडी झिजते, तिच्यातील लोह पाण्यात उतरते आणि त्याचा गंजासारखा तांबडा, हिरवट किंवा काळपट साका तयार होतो. तुम्हाला दिसलेला गाळ त्या कांडीचा होता, तो तुमच्या पाण्यात आधीपासून नव्हता. विक्रेत्याच्या पाण्यातील क्षार यंत्राने काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून कांडी झिजत नाही आणि पाणी स्वच्छ दिसते. तो पुन्हा आला तर त्याच्याच बाटलीतील पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग करून दाखवायला सांगा. ते पाणीही तसेच गढुळेल. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, याचा या प्रयोगाशी काहीही संबंध नाही, आणि आईबापांच्या व आजी-आजोबांच्या काळजीचा असा उपयोग करून घेणे मला अतिशय गैर वाटते.

त्याच्याजवळ पेनासारखे टीडीएस मीटरही असेल. ते मीटर खोटे नसते, पण ते सांगते फार थोडे. पाण्यात एकूण विरघळलेले क्षार अंदाजे किती आहेत, एवढेच त्यावरून कळते. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की नायट्रेटचे, हे ते सांगू शकत नाही, आणि जंतूंचा तर त्याला पत्ताच नसतो. मीटरवर १५० दाखवणाऱ्या नितळ पाण्यात काविळीचे किंवा विषमज्वराचे जंतू असू शकतात, आणि ७०० दाखवणारे चवीला मचूळ पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्धोक असू शकते. मानकानुसार एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले जाते आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. आरओ यंत्र, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणारे यंत्र, हे मुख्यतः जास्त क्षारांच्या, नायट्रेटच्या किंवा फ्लोराइडच्या पाण्यासाठी आहे. घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना साधारणपणे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते आणि पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमही काढून टाकते. जिथे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे या यंत्रांवर बंदी घालावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला दिला होता, तो याच कारणांसाठी. नळाच्या पाण्यात क्षार कमी असून भीती फक्त जंतूंची असेल तर उकळणे पुरते, किंवा गाळणीसह अतिनील किरणांचे साधे यंत्र पुरते. मात्र हे किरण गढूळ पाण्यात नीट पोचत नाहीत, म्हणून पाणी आधी नितळ असावे लागते. यजमानांना माझा निरोप सांगा की यंत्र घेऊच नका असे माझे म्हणणे नाही, पण अहवाल येण्याआधी बयाणा देऊ नका.

तपासणी अवघड नाही. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले जातात. नमुना कसा पाठवायचा हे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक (पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारे कर्मचारी) किंवा ग्रामसेवक सांगतील. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, कारण ती निर्जंतुक केलेली असते आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिनचा परिणाम थांबवणारे द्रव्य तिच्यात असते. ती विसळायची नाही, तिच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतील बाजूला बोट लावायचे नाही, आणि भरल्यावर थंड ठेवून लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत पोचवायची. गावात महिलांना पाणी तपासण्यासाठी दिलेला फिल्ड टेस्ट किट असेल तर नायट्रेट, फ्लोराइड आणि कठीणपणा (जडपणा) यांचा प्राथमिक अंदाज त्यावरही मिळतो. एचटूएस बाटली मिळाली तर तीही उपयोगी आहे. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवले आणि ते काळे पडले, तर त्या पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता आहे असे समजावे.

जड पाण्याने मुतखडा होतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि अनेकजण तेवढ्यासाठी आरओ घेतात. पाण्याच्या जडपणामुळे मुतखडा होतो असे सिद्ध झालेले नाही. दिवसभर शेतात किंवा उन्हात राबून पुरेसे पाणी न पिणे हे त्याचे फार मोठे कारण आहे. जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे थर बसतात. हा त्रास खरा आहे, पण तो वेगळा.

तुम्ही वासामुळे सोडून दिलेले नळाचे पाणी मला तुमच्या घरातील सर्वांत चांगला पर्याय वाटते. तो औषधाचा वास क्लोरिनचा असतो. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर पाण्यात थोडे क्लोरिन शिल्लक राहावे लागते. मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, म्हणजे वाटेत एखाद्या ठिकाणी जंतू शिरलेच तर ते तिथेच मरतात. जलसुरक्षक तुमच्या दारच्या नळावर ओटी टेस्ट करून, पाण्यात येणाऱ्या पिवळ्या रंगावरून ते आहे की नाही हे दाखवू शकतात, आणि तशी मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. वास नको असेल तर पाणी झाकून काही तास ठेवावे, तो बराच कमी होतो. पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. तुमच्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे ग्रामसभेत जरूर विचारा.

मात्र टाकीतून चांगले निघालेले पाणी आपल्या दारात येईपर्यंत बिघडू शकते, आणि त्यात आपलाही हात असतो. दाब कमी म्हणून अनेक घरांनी नळ खड्ड्यात उतरवलेला असतो. त्या खड्ड्यात धुण्याचे, अंगणातील, पावसाचे पाणी साचते, नळाला तोटी नसते, आणि पाणी बंद झाल्यावर रिकाम्या झालेल्या नळीत तेच घाण पाणी ओढले जाते. मुख्य नळीलाच मोटर जोडून पाणी खेचणाऱ्यांमुळे संपूर्ण गल्लीच्या नळीतील दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांमधून गटाराचे पाणी आत शिरते. तुमच्याकडे मोटर जोडलेली असेल तर काढून टाका, आणि शेजाऱ्यांकडे असेल तर गोडीने बोला. नळ खड्ड्याच्या वर घ्या, तोटी बसवा आणि एक दिवसाआड पाणी येते तेव्हा सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी न भरता धुण्या-सारवण्याला घ्या. आणखी एक गोष्ट मी घराघरांत पाहतो. नळाच्या तोंडाला बांधलेले फडके महिनोन्महिने तिथेच असते, ते बुळबुळीत होते, आणि त्यातूनच पाणी गाळले म्हणून समाधान मानले जाते. ते फडके आजच सोडा. गाळणे निराळे ठेवावे, सुती असावे, दररोज धुऊन उन्हात वाळवावे आणि भांड्याच्या तोंडावर धरावे. जुन्या सुती लुगड्याचे कापड चार पदरी करून पाणी गाळल्याने पटकीचे (कॉलऱ्याचे) रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे बांगलादेशातील खेड्यांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते, कारण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि कापडात अडकतात. विषाणू मात्र कापडातून सहज जातात, म्हणून गाळणे हे उकळण्याच्या किंवा क्लोरिनच्या ऐवजी करायचे काम नाही.

पावसाळ्यात कृष्णा गढूळ होते तेव्हा तुरटी फिरवून पाणी काही तास निवळू द्यावे आणि वरचे नितळ पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून मग उकळावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. खदखदा उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, तासभर आधण ठेवून गॅस जाळण्याची गरज नाही. उकळलेले पाणी शक्यतो त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव तुमच्या भागाला आहेच. पुराच्या पाण्याखाली गेलेली विहीर किंवा बोअर पाणी उपसून, क्लोरिन टाकून आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा प्यायला वापरू नये. तोवर गाळलेल्या पाण्यात आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे थेंब किंवा गोळ्या वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

जारविषयी थोडक्यात सांगतो. सीलबंद जारवर उत्पादकाचे नाव, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. गाडीवरून येणाऱ्या सुट्या थंड जारवर बहुधा यातले काहीच नसते आणि ते पाणी कोठून, कसे आणले हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय असे पाणी बहुतेक वेळा क्लोरिनशिवाय असते, त्यामुळे जार उघडल्यानंतर शिरणाऱ्या जंतूंना ते अडवू शकत नाही. लग्नकार्यात निरुपाय असतो, पण रोजच्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

आता भांड्यांकडे वळू. सासूबाईंचा हंडा मोडीत घालू नका. त्यांच्या सांगण्यात तथ्य आहे. तांब्याच्या भांड्यात सामान्य तापमानाला १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे आणि पटकीचे जंतू मरतात आणि पाण्यात उतरणारे तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत राहते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसले आहे. म्हणजे रात्री भरून सकाळी प्यायची पद्धत योग्यच आहे. पण "दुसरे काही लागत नाही" हे मात्र बरोबर नाही. तांब्याने नायट्रेट जात नाही, क्षार जात नाहीत, आणि सकाळी भरून तासाभरात प्यायलेल्या पाण्याला त्याचा फारसा लाभ मिळत नाही. हंड्यात आतून हिरवट थर दिसला किंवा पाण्याला धातूची चव आली तर ते पाणी ओतून द्यावे आणि चिंच-मिठाने हंडा घासून स्वच्छ विसळून घ्यावा. हंड्याचा गळा अरुंद असतो, हात आत जात नाही, म्हणून तळाचा भाग तसाच राहतो. त्यासाठी लांब दांड्याचा ब्रश घ्या. हंड्यातील पाणी रोज बदला, नळ एक दिवसाआड येतो म्हणून दोन-दोन दिवस त्यातच ठेवू नका. तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत, कोकम किंवा ताक नेणे मात्र धोक्याचे आहे. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत कळकतात हे सासूबाईंना पक्के ठाऊक असेल, पण शाळेच्या दप्तरात अशी बाटली घालणाऱ्या नव्या पिढीला ते सांगायला हवे. असे पेय प्यायल्यास मळमळ, उलट्या आणि पोटदुखी होते.

आणि नातवाचे दूध किंवा दुधाचे पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यात मुळीच ठेवू नका. आपल्या देशात पूर्वी लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार मोठ्या प्रमाणात होत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर १९८० च्या दशकात केलेल्या कामातून असे पुढे आले की तान्ह्या वयात तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले आणि साठवलेले जनावराचे दूध पाजणे आणि हा आजार यांचा जवळचा संबंध आहे. दुधातील प्रथिने तांबे धरून ठेवतात आणि तान्ह्या मुलाच्या यकृताला ते बाहेर टाकता येत नाही. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला. मोठ्या माणसांना चालणारे भांडे बाळाला चालेलच असे नाही, हे यातून स्पष्ट दिसते. ज्यांना विल्सन नावाचा तांबे साठण्याचा आजार आहे त्यांनीही तांब्याचे भांडे टाळावे.

हंडा गळका होता म्हणून कधी डाग देऊन (धातू वितळवून छिद्र बुजवून) आणला असेल तर तो पाहून घ्या. जुन्या डागात शिसे असते, तसा हंडा पिण्याच्या पाण्यासाठी नको, तो शोभेला किंवा पूजेला ठेवा. केवळ पाण्याच्या तांब्याच्या भांड्याला कल्हई लागत नाही, पण स्वयंपाकाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना ती हवीच, आणि तीही शुद्ध कथलाची असावी.

जाऊबाईंच्या माठाबद्दल माझे मत चांगले आहे. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. जत, आटपाडीकडे एप्रिलमध्ये माठाचे पाणी जितके गार लागते तितके कृष्णाकाठच्या दमट हवेत लागत नाही, आणि पावसाळ्यात तर कुठेच नाही. माठ घेताना बाहेरून तैलरंग दिलेला किंवा चकचकीत केलेला घेऊ नये, रंगाने छिद्रे बुजतात. नवा माठ दिवसभर भरून ठेवून ते पाणी टाकून द्यावे आणि मातीचा वास फार असेल तर पुन्हा तसेच करावे. तो साबणाने धुऊ नये, साबण मातीत मुरतो. काथ्याने घासून, विसळून, उन्हात कोरडा करावा. बाहेर हिरवे शेवाळ धरले तर वेळीच घासून काढावे, आणि क्षाराचा पांढरा थर जमून गारवा कमी झाला तर माठ बदलावा. पण माठ पाणी शुद्ध करत नाही, गार करतो. त्यात पाण्यातील क्लोरिनही लवकर संपते. म्हणून माठात भरायचे ते पाणी आधीच उकळलेले किंवा खात्रीचे असावे आणि रोज नवे भरावे.

रोजच्या साठ्याला तोटी असलेले स्टीलचे पिंप सर्वांत सोयीचे आहे. ते घासता येते, कळकत नाही आणि त्यात हात घालावा लागत नाही. तोटी मात्र आठवड्याला सोडवून धुवावी, तिच्या वायसरपाशी बुळबुळीत थर साचतो. प्लॅस्टिक घ्यायचे झाले तर तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा अंक असलेले, अन्नासाठी बनवलेले घ्यावे आणि उन्हात ठेवू नये. बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी निळी पिंपे आधी रसायनाची असतात, आणि तणनाशकाचे रिकामे कॅन धुऊन रानात पाणी नेणारे लोक तर मी पाहिले आहेत. असे भांडे कितीही धुतले तरी प्यायच्या पाण्याला वापरू नये. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली, तेव्हा त्या टाक्या आधी राजस्थानातील कोट्याच्या कार्यशाळेत वाफेने धुऊन मगच मिरजेला आणल्या होत्या. पाणी कितीही चांगले असले तरी भांडे कोणते हा प्रश्न उरतोच, म्हणून रेल्वेने एवढे कष्ट घेतले.

धातूच्या निवडीपेक्षा पाण्यात बुडणारा हात जास्त बिघाड करतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. लहानथोर सगळे जण फुलपात्र थेट माठात बुडवतात, त्याच्याबरोबर बोटे बुडतात, आणि उकळण्यावर घालवलेला गॅस फुकट जातो. लांब दांड्याचे ओगराळे घ्या, ते खाली न ठेवता भिंतीवर खिळ्याला टांगा आणि पाणी काढून पेल्यात ओतण्याची सवय लावा. माठ आणि पिंप घडवंचीवर ठेवा, म्हणजे कोंबडी, कुत्रे आणि रांगते मूल यांचा स्पर्श होणार नाही. नातू आता लवकरच रांगू लागेल. झाकण घट्ट बसणारे हवे, वर टाकलेली ताटली सरकते.

पाणी शिळे झाले म्हणून सकाळी हंडेच्या हंडे ओतून देण्याची अनेक घरांत रीत आहे. क्लोरिन असलेले किंवा उकळलेले, झाकलेले, हात न लागलेले पाणी एका रात्रीत वाईट होत नाही, त्यामुळे स्टीलच्या पिंपातील पाणी दुसऱ्या दिवशी खुशाल प्यावे. वापरायच्या पाण्यासाठी भरलेल्या उघड्या टाक्यांची काळजी मात्र जास्त घ्यायला हवी, कारण डेंग्यूचा डास त्यांतच अंडी घालतो. ती अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी न करता आतून कडा खरखरीत ब्रशने घासून काढा.

तर तुमच्या घरापुरते माझे सांगणे असे आहे की पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचे पाणी घ्यावे, ते गाळून व उकळून स्टीलच्या पिंपात भरावे, त्यातले थोडे उन्हाळ्यात माठात आणि सासूबाईंसाठी रात्री तांब्याच्या हंड्यात ओतावे, आणि बोअर धुण्या-भांड्यांना, जनावरांना व झाडांना ठेवावा. नळ आणि बोअर या दोन्हींचे नमुने या आठवड्यातच द्या. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर पाणी वेगवेगळे असते, म्हणून वर्षातून दोनदा तपासणी व्हावी. अहवाल आला की त्यातील नायट्रेट, फ्लोराइड, एकूण कठीणपणा, एकूण क्षार आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) हे पाच आकडे दोन्ही नमुन्यांचे मला लिहून पाठवा, आणि शोषखड्डा व गोठा बोअरपासून किती फुटांवर आहेत तेही कळवा. यंत्र घ्यायचे की नाही आणि घ्यायचे तर कोणत्या प्रकारचे, हे त्यावरून नेमके सांगता येईल.